एका मापाचे दोन साचे

मंगळवार, ४

पाकीट फाडलं तेव्हा बोटांना मेण होतं, त्यामुळे पत्राच्या पहिल्याच पानावर माझा अंगठा उठला. पुसायला गेलो तर जास्तच पसरला. मग तसाच राहू दिला. कर कार्यालयाचं पत्र, दोन पानं. एकदा उभ्यानेच वाचलं. मग हात धुतले, खुर्चीवर बसलो आणि पुन्हा वाचलं.

विचारलंय ते एवढंच. गेल्या दोन वर्षांत मी दातांचे चारशे अडतीस संच विकत घेतले. पुरवठादाराच्या नोंदीत तसं आहे. त्याच दोन वर्षांत मी कवळ्या विकल्या दोनशे एक्क्याण्णव. एका कवळीला एक संच. मग उरलेले एकशे सत्तेचाळीस संच गेले कुठे? एकवीस दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा त्यांच्याही कवळ्या करून नोंद न ठेवता विकल्या असं धरून कर आणि दंड आकारण्यात येईल.

समोरच्या टेबलावर धाकटी मेण कापत होती.

"कोणाचं पत्र, बाबा?"

"करवाल्यांचं."

"काय म्हणतात?"

"आपले दात मोजलेत त्यांनी."

ती हसली नाही. थोरलीला असले विनोद समजत नाहीत, पण धाकटी एरवी माझं वाक्य संपायच्या आधीच हसते. तिने पत्र मागून घेतलं आणि दुसरं पान बराच वेळ हातात धरून बसली. दुसऱ्या पानावर फक्त पत्ता आणि शिक्का आहे.

मी शांत आहे. लपवण्यासारखं काही असतं तर घाबरलो असतो.

जेवताना पत्र ताटाशेजारी होतं. ही म्हणाली, "अहो, जेवताय का पत्र चावताय?"

बुधवार, ५

परक्या माणसाला खुलासा द्यायचा तर आधी आपलं काम त्याला समजलं पाहिजे. म्हणून आज लिहून पाहिलं.

"दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. मापात प्लास्टर ओतून आम्ही साचा काढतो. साच्यावर मेणात दात बसवतो. रुग्णाच्या तोंडात ते लावून पाहिल्यावर मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला भरतो, शिजवतो, घासतो. प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला आम्ही कामाचा नंबर कोरतो."

नंबरापुढे मी एक टिंब देतो, हे लिहिलं नाही. ते कार्यालयाला काय करायचं? माझ्या गुरूंचं टिंब नव्हतं, चांदणी होती. धाकटी आठ वर्षांपूर्वी कामाला बसली तेव्हा तिने आडवी रेघ घेतली. म्हणाली, टिंब तुमचं, चांदणी तुमच्या गुरूंची, मला रेघ पुरे. कोणती कवळी कोणाच्या हातची, हे त्यावरून चाळीस वर्षांनीही सांगता येतं.

मग मोजणी. कामाची वही पाहिली. दोनशे एक्क्याण्णवपैकी एकशे एकोणपन्नास माझ्या हातच्या, एकशे बेचाळीस धाकटीच्या. अजून मी सात कामांनी पुढे आहे. या वयात.

खणात न वापरलेले संच दहा. एक संच हिच्या तोंडात आहे, तो गेल्या वर्षी घरचा म्हणून बिल न करता बसवला. म्हणजे एकशे सत्तेचाळीसमधून अकरा गेले. उरले एकशे छत्तीस.

हे एकशे छत्तीस मला ठाऊक नाहीत. खरेदी तीन वर्षांपासून धाकटी बघते. तिला विचारलं तर म्हणाली, "बघते, बाबा." दिवसभर काही बघितलं नाही.

टेबलावरचा दिवा पुन्हा बदलायला हवा. या वर्षातला तिसरा. हल्ली दिवे पहिल्यासारखे येत नाहीत.

शुक्रवार, ७

हिशेबनीस येऊन गेला. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्याला घाबरायची पूर्ण मुभा आहे. पत्र वाचून त्याने आधी पाणी मागितलं.

"तुला काही होत नाहीये का रे?"

"काय व्हायचंय?"

"अरे, एकशे छत्तीस! मला वाटलं मसाला महाग झाला म्हणून खर्च वाढलाय. मी तसंच धरत गेलो."

"मग चूक तुझी."

"चूक कोणाची ते नंतर बघू. हे बघ, सरळ मार्ग सांगतो. लिहून टाक, काम करताना माल खराब झाला. दात घासताना तुटले, मसाला नीट शिजला नाही, फेकून दिलं. शंभरात पाच-दहा सगळेच दाखवतात."

"माझे शंभरात पन्नास होतायत."

"मग हात चालेना म्हणून लिही. म्हातारा झालास, त्यांना खोटं वाटणार नाही."

मी त्याला सांगितलं, की एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून खराब झालेल्या कामांची मी वेगळी वही ठेवली आहे आणि त्या वहीची अजून निम्मी पानं कोरी आहेत. दोन वर्षांत तर तिच्यात एक ओळ नाही. दंड वाचावा म्हणून मी माझ्या हातावर खोटं बालंट घेणार नाही.

धाकटी पाठमोरी उभी राहून साचा घासत होती. न वळता म्हणाली, "तसं लिहिलं तर काय बिघडेल, बाबा?"

मी तिच्यावर ओरडलो. बऱ्याच वर्षांनी. हिशेबनिसाने चहा अर्धा टाकून काढता पाय घेतला.

तिला एवढं तरी समजायला हवं होतं. माझ्या हाताखाली शिकली.

सोमवार, १०

दंतवैद्यांकडे जाऊन आलो. आमची तीन-चतुर्थांश कामं त्यांचीच असतात. त्यांच्याकडे किती कवळ्या पोचल्या, याचं लेखी पत्र मागितलं. त्यांनी लगेच करून दिलं. आकडा आमच्या वहीशी जुळतो.

निघताना ते म्हणाले, "एक सांगू का? दोन वर्षांत तुमची एकही कवळी मला परत पाठवावी लागली नाही. आधी वर्षाकाठी दोन-तीन तरी परत जायच्या. हल्ली काम फार नाजूक झालंय. वळण बदललंय तुमचं."

मी म्हटलं, "अजून शिकतोय."

ते हसले आणि म्हणाले, "मुलीला माझा नमस्कार सांगा."

चालत घरी आलो. बस होती, पण चालत आलो. अडुसष्टाव्या वर्षी वळण बदलतं आणि ते बरं होतं. हे कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून इथे लिहितो.

हिला सांगितलं. ती सफरचंद बारीक कापून डाव्या बाजूने चावत होती. डावीकडून चावायची तिची सवय आहे. ऐकून म्हणाली, "माझ्या कवळीचं वळण जुनं का नवं?"

"नवं. गेल्या वर्षीचीच ना ती."

"हं," म्हणाली आणि दुसरी फोड उचलली.

मंगळवार, ११

आज सातला कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी, दोन टेबलं. मी रोज दहाला जातो. धाकटी सहालाच उघडते. सकाळी हात चांगला चालतो म्हणते, आणि ते खरं आहे.

दार उघडंच होतं. तिच्या टेबलावर दोन साचे होते. एकाच तोंडाचे. खालच्या जबड्याच्या डाव्या कोपऱ्यातला तोच उंचवटा दोन्हींवर. दोन्हींवर पेन्सिलीने एकच नंबर. ते काम माझं आहे, साचा काल माझ्या टेबलावर होता.

मला पाहून तिने एकावर फडकं टाकलं.

"लवकर आलात."

"झोप झाली. दोन साचे कशाला?"

"एक फुटला तर असावा म्हणून. एका मापातून दोन ओतते हल्ली."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

सवय चांगली आहे, असं मी म्हणालो. माझ्या टेबलावर जाऊन बसलो आणि दहा वाजेपर्यंत एकही दात बसवला नाही.

गुरुवार, १३

मनात आलं ते लिहितो. दुसरं कोणी हे वाचणार नाही.

एका मापाचे दोन साचे. जादा दात. जादा मसाला. सकाळी सहा ते दहा, एकटीच. मागच्या खोलीतल्या कपाटाला दोन वर्षांपासून कुलूप आहे, त्यात जुनी बिलं आहेत असं ती सांगते. किल्ली तिच्या गळ्यात.

पुलापलीकडे नवे दवाखाने झालेत. तिथे आमचं काम जात नाही. म्हणजे मी पाठवत नाही.

पण एकाच तोंडाच्या दोन कवळ्या कोण घेईल? याचं उत्तर मला सापडत नाही. तरी संशय जात नाही. आधी संशय आला, कारणं मी मागून शोधत बसलो. हे बरोबर नाही, एवढं कळतं.

तिला पैसे हवे असतील तर तिने मागायला हवे होते. मी तिला काय देतो, ते आज पहिल्यांदा आकडा म्हणून पाहिलं. माझ्या हाताखालच्या कारागिराला देईन तेवढंच देतो. सहा वर्षांत वाढवलेलं नाही. ती बोलली नाही, मला सुचलं नाही.

शुक्रवार, १४

हिला काही सांगितलं नाही. हिनेही विचारलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं.

आज चहा पुन्हा बशीत सांडला. ही कप काठोकाठ भरते.

सोमवार, १७

ठरलं.

धाकटीला विचारणार नाही. विचारलं तर तिला खोटं तरी बोलावं लागेल, नाहीतर खरं. दोन्ही नको.

खुलासा मीच लिहिला. सरळ, चार ओळींत. "वरील एकशे छत्तीस संचांच्या कवळ्या मी स्वतः करून खाजगी रीतीने विकल्या. त्यांची नोंद करायची माझ्याकडून राहिली. माझ्या मुलीला याची माहिती नव्हती. होणारा कर आणि दंड भरण्यास मी तयार आहे."

तीनदा वाचलं. मन शांत आहे. पहिल्या दिवशी होतं तितकं नाही, पण आहे.

हिशेबनीस म्हणाला होता तसं लिहिलं असतं तर दंडही लागला नसता. काम खराब झालं, असं मी लिहू शकलो नाही. चोरी केली, असं मात्र लिहू शकलो. असं का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

अक्षर फार वाईट आलंय. उद्या धाकटीला टाइप करायला देईन. त्यात तिचा उल्लेख आहे, तो तिने वाचावा. मग ती समजून जाईल आणि विषय संपेल.

मंगळवार, १८

तिने कागद घेतला. टाइप करायला बसली. पहिल्या दोन ओळींपर्यंत बटणांचा आवाज आला, मग थांबला.

"बाबा, हे काय आहे?"

"आहे तसं टाइप कर."

"तुम्ही विकल्या? कोणाला?"

"ते मी बघतो."

"कोणाला, बाबा?"

मी म्हटलं, "पुलापलीकडे." तिच्याकडे पाहिलं नाही.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं, मी विकल्या." हे तिने विचारलं नाही, नुसतं म्हटलं. उठून तिने गळ्यातली किल्ली काढली आणि मागच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. पुठ्ठ्याच्या पेट्या एकेक करून आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. चार पेट्या. टेबलावर मावेनात, तर शेवटची जमिनीवर ठेवली.

"मोजा," म्हणाली.

पेटीत डब्या होत्या, आपण दवाखान्यात पाठवतो तशा. प्रत्येकीवर नंबर आणि तारीख, तिच्या अक्षरात. मी वरची डबी उघडली. कवळी. आतल्या बाजूला नंबर, नंबरापुढे टिंब.

आता जे केलं ते लिहितो. दुसऱ्याचं काम तपासायला आलं की मी जसं तपासतो, तसं ते तपासलं. दिव्याखाली धरलं. समोरचे दोन दात एका रेषेत नव्हते. उजवी दाढ गरजेपेक्षा जास्त घासली गेली होती. कडेला मसाला इतका पातळ, की आरपार उजेड दिसत होता. परत पाठवलं असतं. चिठ्ठीही लावली असती.

दुसरी डबी. तिसरी. तेच.

"एकशे छत्तीस आहेत," ती म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी नंबर कोरून द्यायचात, मी सकाळी दुसरी करायची. फेकवेनात. म्हणून ठेवल्या."

"आणि गेल्या त्यांच्यावर?"

"नंबर. आणि टिंब."

"टिंब का?"

"काम तुमचं होतं."

मी विचारलं, आईला माहीत आहे का. ती म्हणाली, "कपाट आईनेच दिलंय."

मग तिला रडू आलं. तिला कसं थांबवायचं ते मला कधीच जमलेलं नाही. मी उठून भट्टी बंद केली. भट्टी बंदच होती.

बुधवार, १९

कारखान्यात गेलो नाही. दुपारी ही समोर येऊन बसली.

"चिडलात?"

"नाही."

"मग हे तोंड कसलं?"

"दोन वर्षं तुम्ही दोघींनी माझी नाटकं पाहिली."

"नाटकं नव्हती हो. तुम्ही बटणं लावायला पाव तास घेता आणि सदऱ्याला नावं ठेवता. दिव्याला नावं ठेवता. कप मी अर्धा भरते, तरी सांडतो. सांगणार कोण? एकदा मी तोंड उघडलं होतं, तर तुम्ही म्हणालात थंडीने होतंय. उन्हाळा होता."

मला आठवत नाही. असेल.

मी हात टेबलावर ठेवून पाहिला. अंगठा हलत होता. मी सांगितलं तरी थांबत नव्हता. माझ्याच हाताला आज पहिल्यांदा परक्यासारखा पाहत होतो.

"मग तू का घालतेस माझी?" मी विचारलं. "तुला धाकटीने दुसरी केली नाही?"

"करणार होती. मीच नको म्हटलं."

"टोचते का?"

"उजवीकडे जरा. सवय झाली." मग म्हणाली, "एक तरी तोंडात असावी ना तुमची."

संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. माझी कामं एकशे एकोणपन्नास. कपाटात एकशे छत्तीस. धाकटीला फोन केला.

"तेरा कुठे आहेत?"

"गेल्या, बाबा. त्या चांगल्या होत्या. बहुतेक सुरुवातीच्या. एक मात्र या वर्षीची. ती मी सबंध दिवस बघत बसले, काही खोट काढता येईना."

तिला त्या एकीचा नंबर विचारून इथे लिहून ठेवला. २१७.

शुक्रवार, २१

खुलासा पुन्हा लिहिला. दोघांनी बसून. या वेळी मी सांगितलं, तिने टाइप केलं. हिशेबनीस डोकावून गेला. वाचून म्हणाला, "मी हेच तर म्हणत होतो."

"तू खोटं म्हणून सांगत होतास. आम्ही खरं म्हणून लिहिलंय."

"कागदावर सारखंच दिसतं रे."

त्याला चहा दिला. त्या दिवशी अर्धा राहिला होता.

एका वाक्यावर आमचं अडलं. तिने टाइप केलं होतं, "काही कवळ्या समाधानकारक न झाल्याने पुन्हा कराव्या लागल्या." मी म्हटलं, हे कोणी केलं आणि पुन्हा कोणी केलं, ते यात नाही. ती म्हणाली, कर कार्यालयाला ते कशाला हवंय? मी म्हटलं, मला हवंय. वाक्य बदललं. "पहिल्या एकशे छत्तीस कवळ्या माझ्या हातच्या होत्या व सदोष होत्या. रुग्णांना दिलेल्या कवळ्या माझ्या मुलीने केलेल्या आहेत."

मग वही काढली, खराब कामांची. एकशे छत्तीस ओळी लिहायच्या होत्या. मी नंबर वाचले, तिने लिहिले. कोरी पानं भरली. 'कारण' या रकान्यात तिचा हात थांबला. मी म्हटलं, जे आहे ते लिही. तिने पहिल्या ओळीत "हात" लिहिलं आणि खाली सगळीकडे वरीलप्रमाणे.

तिच्या डब्यांवरच्या तारखा आणि खरेदीच्या पावत्या जुळवल्या. एकही सुटली नाही. दोन वर्षांत, कोणी विचारणार नाही अशा कामाची इतकी चोख नोंद तिने ठेवली होती. असं काम मी शिकवलेलं नाही. मी कवळी शिकवली होती.

सोमवार, २४

कर कार्यालय. दोघं गेलो. चार पेट्या हातगाडीवर.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "पेट्यांत काय आहे?"

धाकटी म्हणाली, "दात."

"कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत."

त्याने एक डबी उघडून पाहिली, पटकन मिटली आणि आत सोडलं. बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी आमच्यासाठी आपण होऊन जागा केली, जरा जास्तच.

अधिकारी बाई चाळिशीच्या असतील. सर्दी झालेली, रुमाल हातात. टेबलावर आमची फाइल. आवाज चढवला नाही, हसल्याही नाहीत. मला बरं वाटलं. आमच्या कामातही असंच माणूस लागतं.

त्यांनी खुलासा वाचला. मग जुना अर्ज काढून शेजारी ठेवला, दोन्हींवर बोट ठेवलं.

"या सह्या जुळत नाहीत. खुलाशावर सही कोणी केली?"

धाकटी काहीतरी बोलणार होती. मी तिच्या आधी म्हणालो, "मीच. हात हलतो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. मला कळून सहा दिवस झाले."

बाहेर कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. तेवढ्यात मला जाणवलं, की हे वाक्य मी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर काही झालं नाही. खोली होती तशीच राहिली.

बाईंनी कोरा कागद पुढे केला. "इथे करा, माझ्यासमोर." केली. वेळ लागला. त्यांनी लावू दिला. ती सही खुलाशावरच्या सहीशी जुळली, म्हणजे तितकीच वाकडी आली.

मग त्यांनी पेट्या उघडायला सांगितल्या. मधूनच डब्या काढल्या, दहा. नंबर वाचायच्या, वहीत शोधायच्या, पावतीची तारीख पाहायच्या. दहाव्या डबीनंतर थांबल्या. कवळी उजेडाकडे धरली. माझ्यासारखीच.

"मला यातलं समजत नाही," म्हणाल्या. "ही वाईट आहे का?"

मी सांगितलं, काय वाईट आहे ते. समोरचे दात, दाढ, कडा. त्या ऐकत होत्या. मग विचारलं, "आणि हिच्या बदल्यात गेली ती?"

"ती परत आली नाही. एकही आली नाही. दंतवैद्यांचं पत्र जोडलंय."

"ती यांनी केली?"

"हो. ही माझी मुलगी."

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा म्हटलं असेल. शाळेत, लग्नघरी, दवाखान्यात. आज म्हणताना पाठ सरळ झाली, हे मला खुर्चीच्या पाठीवरून कळलं.

बाई लिहीत होत्या. न बघता म्हणाल्या, "बिलांवर यांचं नाव कुठेच दिसत नाही."

"पुढच्या महिन्यापासून दिसेल."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. तिला हे सांगितलं नव्हतं. पगाराचंही सांगितलेलं नाही. ते घरी गेल्यावर सांगणार होतो.

खुलासा मान्य. घरी हिला बिल न करता बसवलेल्या कवळीवरचा किरकोळ कर तेवढा भरावा लागेल. तसं पत्र येईल. बाईंनी कार्यालयाच्या पत्राची माझी प्रत परत दिली. पहिल्या पानावर मेणाचा अंगठा तसाच होता. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"मी," म्हटलं.

या वेळी त्या हसल्या, आणि लगेच शिंकल्या.

परतताना पहारेकऱ्याने हातगाडी उतारावरून खाली आणून दिली. धाकटीने विचारलं, पेट्यांचं आता काय करायचं? मी म्हटलं, ठेव. शिकायला कोणी आलं की उपयोगी पडतील. कडा किती पातळ नको ते दाखवता येईल.

"एकशे छत्तीस वेळा?"

"मी शिकवत असताना तू एवढ्यातही शिकली नव्हतीस."

तेव्हा ती हसली. वाक्य संपायच्या आधी.

मंगळवार, २५

सकाळी सहाला दोघं कारखान्यात. ही पण आली. कवळी काढून धाकटीच्या हातात दिली आणि पदराने तोंड झाकून बसली. धाकटीने उजवी बाजू घासून दिली. ही उजवीकडून सफरचंद चावून म्हणाली, ठीक. मग आतल्या टिंबापुढे धाकटीला तिची रेघ कोरायला सांगितली. तिने कोरली. मी दिवा धरला.